उजव्या कुशीवरचे डोळे

९ जानेवारी

पेन्सिलबाई,

आपल्या माशांच्या पुस्तकात राहिलेला शेवटचा मासा, म्हणजे आपला लेप, त्याचं चित्र सोबत पाठवते आहे. काल ओहोटीला खाडीच्या तोंडाशी गेले होते. तिथे एकाच्या जाळ्यात हा सापडला. ताजा होता, कल्ले हलत होते. ओल्या फडक्यावर ठेवून बघत बघत काढला. कागदाला डाग पडलेत, त्यावरून नाक मुरडू नकोस.

रंग तुला भरायचेत म्हणून सांगते. वरची बाजू ओल्या वाळूच्या रंगाची, त्यावर काळसर ठिपके, पण शिंतोडे उडाल्यासारखे, मोजूनमापून नकोत. खालची बाजू पांढरीफट. तोंड एका बाजूला ओढल्यासारखं वाकडं. पर म्हणजे अंगाभोवती शिवलेली झालर. डोळे दोन्ही एकाच कुशीवर, जवळजवळ, जरासे वर आलेले, कारण बाकी सगळं अंग वाळूत पुरून तो एवढे डोळेच बाहेर ठेवतो. कुणी जवळ आलं तरी पळत नाही. मी इथे नाहीच, असं तोंड करून पडून राहतो.

लोकांना वाटतं, हा बिचारा जन्मापासून चपटा. तसं नाही गं. अंड्यातून निघतो तेव्हा चारचौघांसारखा उभा पोहतो, दोन्हीकडे एकेक डोळा. थोडा मोठा झाला की एक डोळा कपाळावरून सरकत सरकत पलीकडच्या डोळ्याशेजारी जाऊन बसतो. मग स्वारी आडवी होते ती कायमची. हे सगळं होत असताना ही पिल्लं आमच्या खाडीच्या तोंडाशी, गुडघाभर पाण्यातल्या मऊ वाळूत येऊन बसतात. मोठी झाली की जरा खोल पाण्यात जातात, पण लहानपण इथलंच. संशोधन केंद्रातल्या नोकरीची सगळी वर्षं मी तेच बघत आले. घरातले म्हणायचे, हिने लग्न लेपाशी लावलंय.

जसा काढलाय तसाच ठेव, फक्त रंग भर.

मावशी


२१ जानेवारी

मावशी,

लेपसाहेब पोचले. वास अजून कागदाला आहे. शेजारच्या टेबलावरची म्हणाली, ही नक्की प्रकाशनसंस्था आहे ना, की मासळीबाजार?

चित्र सुरेख आहे. पण तुझ्या पत्राच्या ओळींना काय झालंय? सुरुवातीला शहाण्यासारख्या चालतात आणि पुढे घसरगुंडी. पाट मांडीवर घेऊन लिहितेस ना अजून? टेबल घे म्हणून किती वर्षं सांगते आहे.

इथे फार घाई चालली आहे. संपादकसाहेबांना पुस्तक मार्चच्या आत हवंय. त्यांच्या सूचना म्हणजे काय विचारू नकोस, सकाळी एक, दुपारी तिच्या उलट. मी आपली मान डोलावते आणि काम उरकते. सगळ्या चित्रांची प्रुफं पुढच्या आठवड्यात तुझ्याकडे निघतील. प्रत्येक पान नीट बघ. तुझा होकार आल्याशिवाय छपाई सुरू होणार नाही, हे मी साहेबांकडून कबूल करून घेतलंय. मी चुकले तरी तू आहेस, एवढा मला आधार आहे.

तुझी पेन्सिल


११ फेब्रुवारी

पेन्सिलबाई,

प्रुफं बघितली. सगळं छान उतरलंय. लेपही छान. छापायला हरकत नाही.

थंडीने बोटं आखडतात, म्हणून एवढंच.

मावशी


२० मार्च

पेन्सिलबाई,

अक्षर वेगळं दिसतंय म्हणून घाबरू नकोस. मनगट फार दुखतंय, म्हणून शेजारच्या शिंपीणबाईंना सांगते आहे आणि त्या लिहिताहेत. अक्षर माझ्यापेक्षा बरं आहे. मध्येमध्ये स्वतःची मतं घालतात, तेवढं सोडून दे.

(मी काही घालत नाही. बाई सांगतात तेच लिहिते. – शिंपीण)

पुस्तकाच्या प्रकाशन समारंभाहून परत आल्यापासून घराबाहेर पडले नाही. तू पहिल्या रांगेत होतीस, सगळं तुझ्यासमोरच झालं, तरी लिहिते, कारण बोलायला दुसरं कोण आहे मला. माझाच विद्यार्थी गं तो. आता प्राध्यापक झालाय. लेपाचं पान उघडून उभा राहिला आणि किती नम्रपणे म्हणाला, "बाई, या जातीच्या लेपाचे डोळे उजव्या कुशीवर असतात हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत. इथे ते डाव्या कुशीवर आहेत. हा मासा फक्त आरशात सापडेल." लोक हसले. त्याचा हेतू वाईट नव्हता, पण हशा पिकला तो पिकलाच.

मी उठून म्हटलं, चूक माझी आहे. दुसरं काय म्हणणार? चित्र माझ्या हातचं. धरणीने पोटात घेतलं तर बरं, असं वाटत होतं. स्टेशनपर्यंत तू एक शब्द बोलली नाहीस. मला कळलं. ऑफिसच्या लोकांसमोर मावशीमुळे तुला मान खाली घालावी लागली. मला माफ कर.

ज्या माशावर मी आयुष्य काढलं त्याची कूस मी चुकले. डोळ्यांदेखत, फडक्यावर ठेवलेला मासा. मग आजवर मी जे जे पाहिलं म्हणून लिहून ठेवलं, त्यातलं खरं किती?

एक काम कर. माझं ते मूळ चित्र परत पाठव. मी नक्की काय काढलं होतं, ते मला समजून घ्यायचंय.

मावशी


२६ मार्च
(हे पत्र टाकलं नाही.)

मावशी,

तू काही चुकली नाहीस. तुझ्या चित्रात लेपाचं तोंड उजवीकडेच आहे, म्हणजे डोळे उजव्या कुशीवरच. ते आत्ता माझ्यासमोर आहे, ड्रॉवरमधून काढून ठेवलंय.

साहेबांचा हट्ट होता, पुस्तकातल्या प्रत्येक माशाने डावीकडे बघितलं पाहिजे. पान उलटताना सगळे एका दिशेने पोहत गेल्यासारखे दिसतात म्हणे. तुझी बरीचशी चित्रं तशीच होती. जी नव्हती ती मी ट्रेसिंग पेपरवर उतरवली, कागद पालथा घातला आणि पुन्हा गिरवली. बांगडा फिरवला, बोय फिरवली, काही बिघडलं नाही, त्यांच्या दोन्ही कुशी सारख्याच. मग लेप फिरवला. त्याच हाताने, त्याच तंद्रीत. त्याची एक कूस आंधळी असते, हे तू मला नुकतंच लिहून कळवलं होतंस.

खरं सांगते, कागद पालथा घालताना क्षणभर हात थांबला होता. डोळे दुसरीकडे गेले की काय, असं मनात आलं. तुला विचारायला हवं होतं. पण घरात सगळ्यांत हुशार म्हणून जिचं कौतुक होतं तिने असं बावळट काय विचारायचं? म्हटलं, प्रुफं मावशी बघेलच. तू होकार पाठवलास आणि मी निश्चिंत झाले.

हे झालं चित्राचं. पण सभागृहात तो उभा राहिला तेव्हा त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आतच मला कळलं होतं, की हे मी केलंय. तू उठलीस. चूक माझी, म्हणालीस. आणि मी तोंडात गुळणी धरून बसले. साहेब शेजारी होते. परवाच त्यांनी पक्ष्यांचं पुस्तक एकटीच्या भरवशावर मला दिलंय. तू खाली बसेपर्यंत बोलायला वेळ होता. स्टेशनपर्यंत वेळ होता. गाडी सुटेपर्यंत वेळ होता. आणि तुला वाटलं, मला तुझी लाज वाटते आहे!

मावशी, मला


२६ मार्च

मावशी,

तुझं पत्र वाचून वाईट वाटलं. इतकं मनाला लावून घेऊ नकोस. एका चित्राचं काय एवढं? लोक विसरतातसुद्धा. इथे ऑफिसात त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. मला तुझी लाज वगैरे काही वाटली नाही, त्या दिवशी माझं डोकं फार दुखत होतं.

मूळ चित्राचं म्हणशील तर आत्ता इथे सापडत नाही. छपाईच्या गडबडीत कागद कुठल्या कुठे गेलेत. मिळालं की पाठवते.

मनगटाला शेक घे. शिंपीणबाईंना नमस्कार.

पेन्सिल


१४ एप्रिल

पेन्सिलबाई,

चित्र सापडलं नाही तर राहू दे. आता तशी गरजही नाही.

खाडीच्या तोंडाशी मोठा धक्का बांधायचं ठरतंय. त्यासाठी उथळ भागात भराव टाकणार. म्हणजे नेमकी ती गुडघाभर पाण्यातली वाळू जाणार, जिथे लेपाची पिल्लं येऊन बसतात. महिनाअखेर जनसुनावणी आहे. आमच्या जुन्या संशोधन केंद्राने कळवलं, की तिथे पिल्लं वाढतात हे वर्षानुवर्षं बघितलेली तुम्हीच एक आहात, तुम्ही येऊन सांगा.

मी नाही म्हणून कळवलं. जाऊन काय सांगू? धक्केवाल्यांचा वकील पुस्तक उघडून लेपाचं पान वर धरील आणि म्हणेल, या बाईंना डावं-उजवं कळत नाही, त्यांचं काय ऐकता? आणि तो बरोबर म्हणत असेल. माझ्या सांगण्याने जागा वाचायची सोडून तिचं हसं व्हायचं. केंद्रातल्या माझ्या कपाटाची किल्लीही परत पाठवून दिली.

लहानपणी तू विचारायचीस, मावशी, तुला समुद्राचा कंटाळा येत नाही का? आता किनाऱ्यावर जायची लाज वाटते. जाळं झाडणारे लोक "बाई, हा बघा कुठला आला" म्हणून हाक मारतात. मी ऐकू न आल्यासारखं करते.

मावशी

(ताई, बाई आत पाणी प्यायला गेल्यात म्हणून माझ्या दोन ओळी घालते. त्यांना सांगू नका. मनगटाला काही झालेलं नाही. बाईंना दिसत नाही. मोतीबिंदू पिकलाय दोन्ही डोळ्यांत. अगदी नाकाशी धरलं तर काळं-पांढरं कळतं, पलीकडे सगळं दुधाळ. तुमचं पत्र आलं की मीच वाचून दाखवते. ते छापलेले कागद आले होते ना तुमच्याकडून, तेव्हाही मला बोलावलं नाही. दिवसभर खिडकीत घेऊन बसल्या, मग गठ्ठा बांधून परत पाठवला. डॉक्टरकडे चला म्हटलं की म्हणतात, डोळे परत आले तरी डोकं कुठून आणू? चार शब्द तुम्ही सांगा, तुमचं ऐकतील. तुम्हाला फार मानतात त्या. – शिंपीण)


२० एप्रिल

मावशी,

हे पत्र शिंपीणबाई मोठ्याने वाचणार, हे मला ठाऊक आहे. शिंपीणबाई, तुमच्याशी माझी ओळखसुद्धा नाही, आणि पहिल्यांदा माझ्याबद्दल ऐकाल ते हे. तरी एकही ओळ गाळू नका. आवाज खाली करू नका.

सोबत तुझं मूळ चित्र आहे, मावशी. ते हरवलं नव्हतं. कधीच नव्हतं. माझ्याच ड्रॉवरमध्ये होतं आणि मी तुला खोटं लिहिलं. शिंपीणबाई, चित्र उजेडात धरा आणि लेपाचं तोंड कोणत्या हाताला आहे ते बाईंना सांगा.

ते उजव्या हाताला आहे. तू बरोबर काढलं होतंस. उलटं मी केलं. कसं केलं, ते मागच्या महिन्यात लिहून ठेवलं होतं आणि टाकायचा धीर झाला नाही. ते अर्धवट पत्रही यातच घालते आहे. त्यात जे लिहिलंय त्याहून चांगलं मला सांगता येणार नाही.

डोळ्यांचं मला कळलंय. कुणी सांगितलं ते विचारू नकोस. तुझ्या ओळी घसरत होत्या तेव्हा मी थट्टा केली. आणि त्यापुढचंही लिहिते. तुला दिसत नव्हतं हे कळलं तेव्हा पहिला विचार तुझ्या डोळ्यांचा आला नाही. पहिला विचार आला, की चला, म्हणजे चूक एकट्या माझी नाही, होकार तिनेही न बघताच दिला. मी असा विचार करू शकते, हे मला त्या दिवशी समजलं. त्यानंतर आरशासमोर केस विंचरायलाही नको वाटतंय.

लेप कसा पडून राहतो, ते तू लिहिलं होतंस ना, मी इथे नाहीच असं तोंड करून. मी महिनाभर तशीच आहे. फरक एवढाच, की तो जीव वाचवायला वाळू ओढून घेतो आणि मी तुझी अब्रू पांघरून घेतली.

सुनावणीला जा. हे पत्र आणि चित्र घेऊन जा. वकिलाने पुस्तक वर धरलं तर तू हे धर. माझं नाव घे, संस्थेचं घे, साहेबांचा हट्टही सांग. माझी नोकरी गेली तर जाऊ दे. तू पाहिलंस ते खरं आहे, मावशी. सगळं खरं आहे.

पेन्सिल


६ मे

पेन्सिलबाई,

तुझं पाकीट सुनावणीच्या आदल्या दिवशी मिळालं. शिंपीणबाईंनी सगळं वाचलं. एकही ओळ गाळली नाही. मध्येच त्यांचा आवाज बसला, तेव्हा मीच म्हटलं, वाचा पुढे.

(मला रडू येत होतं. – शिंपीण)

राग आला. खोटं कशाला सांगू? चित्र उलटं झालं त्याचा नाही. तेवढी घाईत होते चूक कुणाच्याही हातून. चित्र सापडत नाही असं लिहिलंस, त्याचा आला. महिनाभर मी अंथरुणात पडल्या पडल्या एकेक वर्ष आठवून तपासत होते, इथे चुकले असेन का, तिथे चुकले असेन का. तुझ्या ड्रॉवरमध्ये माझी सुटका पडून होती. शिंपीणबाईंनी माझं बोट धरून चित्रातल्या तोंडावर ठेवलं आणि म्हणाल्या, "हे बघा, तुमच्या घड्याळाच्या हाताकडे नाही, दुसऱ्या." तेव्हा मात्र मी रडले. राग वेगळा आणि ते रडणं वेगळं.

आता माझं ऐक. प्रुफं आली तेव्हा मला दिसत नव्हतं. चार महिन्यांपूर्वी तो लेप काढला तेव्हाही तो मी नाकाशी धरून, बोटाने चाचपून काढला. दिसत नाही म्हटलं तर पुस्तक दुसऱ्या कुणाला तपासायला देतील, म्हातारीचं काम संपलं म्हणतील, या भीतीने मी तुला "बघितली" असं लिहिलं. एक पानही बघितलं नव्हतं. मनगटाचं सोंगही मीच केलं. तेव्हा तुझा तो पहिला विचार, ज्याने तुला स्वतःची किळस आली, तो चुकीचा नव्हता. तो मनात येण्यासारखाच होता.

सुनावणीला गेले. शिंपीणबाईंनी हात धरून खुर्चीपर्यंत नेलं. वकिलाने पुस्तक वर धरलं, असं त्यांनी माझ्या कानात सांगितलं. तो म्हणाला, "हे तुमचंच पुस्तक ना?" मी म्हटलं, "हो. त्यातला लेप उलटा छापलाय. छापायला होकार मी दिला, आणि तो न बघता दिला, कारण मला दिसत नव्हतं. आधी हे लिहून घ्या. मग मला दिसत होतं तेव्हा खाडीच्या तोंडाशी मी काय पाहिलं, ते सांगते." मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. वकिलाने विचारलं, "आज दिसतं का?" मी म्हटलं, "नाही." पुन्हा हसले. कान तापले माझे, बोलू नये असं वाटलं. पण पुढचं सगळं सांगितलं. पिल्लू उभं कसं येतं, त्याचा डोळा कसा सरकतो, ते आडवं व्हायला लागतं तेव्हा त्याला लाटेचा मार नसलेली मऊ वाळूच कशी लागते, आणि तिथे खडी-दगड टाकले तर ते कुठे जाईल. कुठे जाईल ते मला माहीत नाही, असंच सांगितलं, कारण नाही माहीत.

तुझं पत्र आणि चित्र मी घरीच ठेवून गेले होते. वकिलाने विचारलं, उलटं कुणी केलं? मी म्हटलं, ज्याने केलं तो सांगेल. तुझं नाव घेणं हे माझं काम नव्हे, पेन्सिलबाई.

मावशी


१७ मे

मावशी,

मी सांगितलं.

सोमवारी सकाळी साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन उभी राहिले. ते चहा पीत होते. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "एवढंच ना? कुणाला कळतंय? बाईंनी घेतली ना चूक अंगावर, मग झालं." मी म्हटलं, झालं नाही. मग मात्र ते चिडले. संस्थेचं नाव, त्यांचं नाव, माझी अक्कल, सगळं निघालं. पक्ष्यांचं पुस्तक माझ्याकडून काढून घेतलंय. नोकरी ठेवली आहे, पण आता मी दुसऱ्यांच्या चित्रांना चौकटी आखते. शेजारच्या टेबलावरची आता माझ्याशी जपून बोलते, जसं आजारी माणसाशी बोलतात.

तुझ्या त्या प्राध्यापकांनाही पत्र लिहिलं, आणि सुनावणीच्या कार्यालयालाही. प्राध्यापकांचं उत्तर आलं. लिहितात, "त्या दिवशी मी हसं करायला नको होतं. बाईंना आधी एकटं गाठून विचारायला हवं होतं." म्हणजे तेही मान खाली घालून बसलेत.

मला वाटलं होतं, सांगितलं की हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. तू भर सभेत सगळ्यांच्या तोंडावर "दिसत नाही" म्हणालीस, लोक हसले, आणि तू तरी माझं नाव घेतलं नाहीस. जिन्यात, जेवताना, हात धुताना तेच डोळ्यासमोर येतं. तू मला दोन शिव्या घातल्या असत्यास तर बरं झालं असतं.

ऑपरेशन करून घे, एवढं मात्र ऐक. शिंपीणबाई, तुम्ही त्यांना घेऊन जाल ना? मी यायला हवं, ते मला कळतं. पण तुझ्यासमोर यायला मला तोंड नाही, मावशी. पत्रातून बोलता येतं, कारण पत्रात मी दिसत नाही. थोडे दिवस जाऊ देत.

पेन्सिल


२८ मे

पेन्सिलबाई,

नव्याने पाहणी होईपर्यंत भराव थांबवलाय, असं केंद्रातून कळलं. पाहणीच्या लोकांत मला घेतलेलं नाही. वय आणि नजर पाहता, असं लिहिलंय. बरोबरच आहे. तरी दुपारभर वाईट वाटलं.

तू सांगितलंस त्याचं सुख झालं, पुस्तक गेलं त्याचं दुःख. पक्षी तू छान काढले असतेस.

डॉक्टरकडे जाऊन आले. आधी उजव्या डोळ्याचं करायचं ठरलंय, आठ तारखेला. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढतील. डॉक्टर तरुण आहे, बोलका आहे. म्हणाला, "आजी, पट्टी सुटेल तेव्हा समोर कुणी हवंय का? काही जण नातवाला आणतात, काही देवाचा फोटो आणतात." शिंपीणबाईंनी लगेच पदर सारखा केला.

(मी येणारच होते. मला काय माहीत? – शिंपीण)

मी डॉक्टरला तुझं नाव सांगितलं.

थोडे दिवस जाऊ देत म्हणतेस. जाऊ देऊन काय होणार? तुला लाज वाटते, वाटू दे, ती जायची नाही इतक्यात. मलाही वाटतेच. अजून किनाऱ्यावरून जाताना वाटते. पण पत्रात तू दिसत नाहीस म्हणून तुला बरं वाटतं, हे वाचून मी दोन दिवस अस्वस्थ होते. मला तर इतके महिने कुणीच दिसत नाही. मला ते बरं वाटत नाही, पेन्सिलबाई.

पट्टी काढायच्या आदल्या दिवशी संध्याकाळच्या गाडीने निघ. काही आणू नकोस. आलीस की भिंतीला चिकटून मागे राहू नकोस. खिडकीशी, उजेडात उभी राहा.

मावशी